आप्पांचे एकवीस किलोमीटर आणि बोलेरोतली सात माणसं

मी अमळनेरला खेळाचा शिक्षक आहे. पहाटे कॉलेजच्या मैदानावर जमणाऱ्या दहा-बारा पोक्त मंडळींना पळायला शिकवणं हा माझा बिनपगारी धंदा. त्यातल्याच एकाचं, आप्पांचं, हे प्रकरण. त्यांना विचारूनच लिहितोय. ‘नाव टाकू नका सर, बाकी घडलं ते सगळं लिहा, भरीतसुद्धा,’ असं ते म्हणाले.

पहिल्या अर्धमॅरेथॉनसाठी मी आप्पांना चौदा आठवड्यांचं वेळापत्रक वहीत आखून दिलं होतं. कुठल्या दिवशी किती, कुठल्या वेगानं, आदल्या रात्री झोप किती, सगळं. त्यांच्यासोबत जळगावला बोलेरोत बसून निघालेल्या सात जणांसाठी त्या वहीत एक ओळही नव्हती. त्या सातांतला एक मीच. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी माझा घोटा मुरगळला, त्यामुळे आप्पांच्या शेजारी पळायचं सोडून मी त्यांच्या नातेवाइकांत जाऊन बसलो. तिथून जे दिसलं ते पळणाऱ्याला कधी दिसत नाही.

माणूस आणि घर

आप्पांचं वय सत्तेचाळीस, वजन सुरुवातीला चौऱ्याऐंशी किलो. कृषी केंद्र आहे, म्हणजे दिवसभर काउंटरमागं बसणं, चहा, आणि उधारीची वही. दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, आकडा आला ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता हा माणूस पळायला लागला, आणि वर्षभरात दहा किलोमीटरच्या दोन स्पर्धा करून बसला. वजन सहा किलोंनी उतरलं. एकवीसचं नाव काढलं तेव्हा मी आधी हृदयाची तपासणी करून घ्यायला लावली. पट्ट्यावर पळवून काढलेला आलेख नीट आला, मगच वही उघडली.

खान्देशात पळण्याचं वेळापत्रक हवामान आणि शेती दोघं मिळून ठरवतात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. पहाटे साडेचारला निघालं तरी रस्त्यातून रात्रीची धग येत असते. जून लागला की कपाशीच्या बियाण्याची झुंबड. त्या महिन्यात आप्पांच्या दुकानाचं शटर सकाळी सातला वर जातं ते रात्री दहाला खाली येतं. मग युरियाची पळापळ. म्हणून खरी तयारी सप्टेंबरात सुरू झाली, डिसेंबरातल्या स्पर्धेसाठी. मंगळवारी पाच किलोमीटर सावकाश, गुरुवारी सहा किलोमीटर, त्यात थोडं जोरात, शनिवारी पायांचा व्यायाम आणि रविवारी लांब. रविवारचं अंतर आठपासून सुरू होऊन अठरापर्यंत गेलं. दर तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्याला थोडं कमी. दिवाळीत एक आठवडा बुडाला, त्याचं मी काही मनावर घेतलं नाही. चकली खाऊन पळण्यापेक्षा न पळणं बरं.

घरात आप्पांची आई, जिला सगळे माय म्हणतात. वय बहात्तर, उभा जन्म शेतात गेलेला, बोलणं पक्कं अहिराणी. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अकरावीतली मुलगी, आणि शिकायला म्हणून ठेवलेला पुतण्या. वहिनींबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पुढे त्यांचंच काम पडणार आहे.

रविवारच्या लांब पळण्यात वहिनी स्कूटी घेऊन मागे असायच्या. प्रेमानं वगैरे नव्हे, कुत्र्यांमुळे. चोपडा रस्त्यावर पहाटे कुत्र्यांची टोळी असते आणि कापसाच्या गाड्या अंधारात अंगावर येतात, म्हणून मागून स्कूटीचा दिवा हवा. पण ती स्कूटी ताशी आठ किलोमीटरच्या वेगानं चालवत त्या चौदा आठवडे मागे राहिल्या, आणि आपला नवरा थकतो कसा हे त्यांना पाठ झालं. त्यांनीच मला सांगितलं, ‘सर, तेरा किलोमीटरला हे गप्प होतात. पंधराला उधारी काढायला लागतात.’ हे अक्षरशः खरं होतं. पंधराव्या किलोमीटरच्या सुमारास आप्पा पुटपुटायला लागायचे. पातोंड्याचा अमुक, अकरा हजार. त्याचा भाऊ, साडेसात. मला गंमत वाटायची. वहिनींना त्यातून कळायचं की अजून सगळं ठीक आहे.

शनिवारची संध्याकाळ

अमळनेर ते जळगाव धरणगाव-पाळधीवरून सव्वा तासाचा रस्ता. आदल्या दिवशी दुपारी निघालो. आप्पांचे साडू गाडी चालवायला, सोबत मेहुणी, माय, वहिनी, मुलगी, पुतण्या आणि लंगडत मी. सात माणसं आणि आठवे आप्पा, पुढच्या सीटवर, मांडीवर बुटांची पिशवी.

वाटेत मुलीनं विचारलं, अंतर नेमकं एकवीस का नाही, हे ०.०९७५ कुठून आलं? हे मला आवडीचं. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, त्याचं हे निम्मं. आणि तो ४२.१९५ चा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. तिथे शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. तेच अंतर पुढे १९२१ मध्ये कायमचं ठरलं. म्हणजे जगभरातले लोक आज जे अंतर पळतात त्याची टोकं एका घराण्याच्या अंगणाला आणि खुर्च्यांना बांधलेली आहेत. हे ऐकून साडू म्हणाले, ‘मग आम्ही आलो त्यात काय चुकलं?’

मुक्काम मायच्या बहिणीकडे. डिसेंबर महिना, जळगाव, आणि पाहुणे आलेले. आता तुम्हीच सांगा, चुलीवर काय असणार? त्या पांढुरक्या हिरव्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मावशीला त्याची गरज नव्हती. अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून, पातीचा कांदा आणि शेंगदाणे घालून परातभर भरीत. सोबत पुऱ्या. ज्यांना पुरी नको त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

माझ्या वहीत लिहिलं होतं: ‘शनिवार रात्री साडेसात, वरण-भात, दही, बटाट्याची फिकी भाजी. तिखट-तळलेलं नको.’ ते वहिनींनी वाचलं होतं. मावशीनं वाचलेलं नव्हतं, आणि मावशीला सांगायचं कोणी? आप्पांनी आधी हात आखडता घेतला. मावशी म्हणाल्या, ‘उद्या इतलं पयनं शे, आनि खाशील नही?’ त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. ज्याला कष्ट जास्त, त्याला वाढा जास्त. तेलकट आणि चोथ्याचं अन्न पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं, पळताना रक्त पायांकडे गेलं की आतडी आधीच नाराज असतात, त्यात मिरची. हे मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी तिसरी पुरी घेत होतो.

आप्पांनी किती खाल्लं ते मोजलं नाही. पण ‘बस्स’ म्हटल्यावर दोनदा वाढून झालं होतं.

रविवार

सुटायची वेळ सव्वासहा. अंधार, थंडी, सगळ्यांच्या अंगात स्वेटर आणि आप्पा अर्ध्या चड्डीत. मायनं ते पाहून आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, ती सुटायच्या क्षणापर्यंत तिथेच होती.

ठरलेला वेग किलोमीटरला आठ मिनिटं. त्या हिशेबानं शर्यत दोन तास एकोणपन्नास मिनिटांच्या आसपास संपते. दर नऊ मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, अगदी पहिल्या दहा मिनिटांपासून. ही पद्धत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केली आणि पोक्त नवशिक्यांना ती फार मानवते. अट एकच, दम लागायच्या आधी चालायचं.

आता आमचं काय झालं ते ऐका. आम्ही सगळे आधी सुरुवातीच्या कमानीजवळ ओरडलो. मग बोलेरोत बसून दीड किलोमीटरवर गेलो आणि ओरडलो. मग तीन किलोमीटरवर. पुतण्या मावशीच्या घरची मोटारसायकल घेऊन आला होता, तो तर शेजारून चालवत मोबाइलवर चित्रीकरणच करत होता. शेवटी एका स्वयंसेवक बाईंनी त्याला अडवलं आणि चांगलं झापलं. बरोबरच होतं तिचं, मागून पळणाऱ्या पंचवीस जणांच्या तोंडात त्याचा धूर जात होता.

आपलं माणूस दर पाच मिनिटांनी आपलं नाव घेऊन ओरडतंय म्हटल्यावर कोण चालेल? आप्पा पहिली दोन चालण्याची मिनिटं खाऊन गेले. पाचव्या किलोमीटरला घड्याळात चौतीस मिनिटं. ठरली होती चाळीस. मी गाडीत बसून वाचवलेली सहा मिनिटं मोजत होतो आणि मला आनंद झाला होता. इतकी वर्षं शिकवूनही. सुरुवातीला वाचवलेलं मिनिट शेवटी दामदुपटीनं वसूल होतं हे मी मैदानावर दर आठवड्याला सांगतो.

सहाव्या किलोमीटरनंतर रस्ता स्पर्धेसाठी बंद. बोलेरो अडकली. साडूंनी गल्लीबोळातून काढायचा प्रयत्न केला आणि आम्ही एका भाजीबाजारात जाऊन पोचलो. त्यामुळे सात ते अकरा किलोमीटरमध्ये आप्पांना कोणी दिसलं नाही. गंमत म्हणजे तेवढेच पाच किलोमीटर त्यांनी वहीप्रमाणे पळले. दहा किलोमीटरला एक तास चौदा मिनिटं.

अकराव्याला आम्ही पुन्हा सापडलो, आणि साडूंनी सेवा सुरू केली. त्यांच्याकडे पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या आणि मन मोठं. दिसेल तिथे ‘घ्या, घ्या’. आयोजकांची पाण्याची टेबलं दर अडीच किलोमीटरला होतीच, त्यात हे. जास्त पाण्यानं काय होतं, पोट जड होईल फार तर, असं पुष्कळांना वाटतं. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ च्या शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम पातळ झालेलं निघालं. धोका जास्त होता तो सावकाश पळणाऱ्यांना, ज्यांना रस्त्यात पाणी प्यायला वेळ भरपूर मिळतो. म्हणजे आप्पांसारख्यांनाच. तहान लागेल तेवढं प्यावं, हा साधा नियम गाडीतल्या माणसालाही ठाऊक असला पाहिजे.

पुतण्यानं त्यावर कडी केली. औषधाच्या दुकानातून क्षारांची पुडी आणली आणि एका ग्लासात सगळी ओतली. ती पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ग्लासभर पाण्यात ती घातली की पाणी शरीरात जायच्या ऐवजी उलट आतड्यातच ओढलं जातं. आप्पांनी दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि पुढे गेले. बाराव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या एका पेट्रोल पंपाच्या संडासात चार मिनिटं गेली. भरिताचा वाटा किती आणि पुडीचा किती, ते मी सांगू शकत नाही. दोघं एकाच वेळी कामाला लागले होते.

पंधरा किलोमीटरला बरोबर दोन तास.

साडेसोळावा किलोमीटर

मायला गाडीत सारखं चढ-उतर जमेना, म्हणून मेहुणीनं तिला मेहरूणकडच्या रस्त्यावर एका ओळखीच्या घरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. साडेसोळा किलोमीटर. साडेआठ वाजत आले होते. डिसेंबर असला तरी आता ऊन चढलं होतं.

आप्पा आले ते चालत. चेहरा पांढरा, कानशिलांवर मिठाचे ओघळ वाळलेले, खांदे पडलेले. मी असे चेहरे शेकड्यांनी पाहिलेत. मायनं आपल्या मुलाचा असा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. तिनं असे चेहरे पाहिले होते ते शेतात, वैशाखात. तिच्या माहेरच्या गावी एक सालदार भर उन्हात वखर हाणता हाणता गप्प झाला, पांढरा पडला आणि संध्याकाळपर्यंत गेला. ती हे नंतर मला सांगत होती. तेव्हा तिला जे कळत होतं त्यात चूक काहीच नव्हती. ऊन लागलेल्या माणसाला सावलीत बसवायचं, डोक्यावर पाणी मारायचं.

‘बठी जाय रे भाऊ,’ ती म्हणाली आणि आपली खुर्ची सोडून उठली.

आप्पा बसले.

पळणारा माणूस एकदम बसला की काय होतं, तर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं काम एकदम थांबवतात. रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात स्नायू थंड होऊन आखडतात. आप्पांची उजवी पोटरी अशी दगडासारखी वळली की ते ‘आई गं’ करून ओरडले. आणि मग तिथं जे व्हायचं ते झालं. मेहुणी रडायला लागली. साडूंनी गाडी आणायला पुतण्याला पिटाळलं, ‘दवाखाना जवळच आहे.’ मुलगी वाऱ्यासाठी वही हलवत होती. घरातल्या बाईंनी लिंबूपाणी आणलं. माय डोक्यावर पाणी थापत होती आणि पुटपुटत होती, ‘कितलं सांगं यासले, कितलं सांगं.’ आणि मी, मार्गदर्शक म्हणवणारा, घोट्यामुळे दोनशे मीटर मागं लंगडत येत होतो.

वहिनी तेवढ्या वेळ काहीच बोलल्या नव्हत्या. त्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या, आप्पांची पोटरी एका हातात धरून दुसऱ्यानं पायाचा अंगठा त्यांच्या गुडघ्याच्या दिशेनं ओढत विचारलं,

‘अहो, पातोंड्याचं किती आहे?’

आप्पांनी डोळे मिटलेलेच होते. ‘अकरा.’

‘अकरा हजार किती?’

‘अकरा हजार चारशे. त्यातले दोन दसऱ्याला आले.’

‘आणि त्याचा भाऊ?’

‘साडेसात. तो कापूस विकल्यावर देणार आहे.’ मग डोळे उघडून, ‘आता काय मध्येच उधारी?’

वहिनी उभ्या राहिल्या. ‘काही झालेलं नाही यांना. उठा. साडेचार राहिलेत, मंगळवारच्या फेरीपेक्षा कमी.’

मी तोवर पोचलो होतो. मी जे विचारलं असतं ते याहून निराळं नव्हतं. उष्माघात मेंदूवर येतो. माणूस बरळतो, भलतीच उत्तरं देतो, झोकांड्या खातो, चिडतो, आपण कुठे आहोत ते सांगू शकत नाही. असं असेल तर शर्यत गेली खड्ड्यात, आधी अंग गार करा आणि दवाखाना गाठा. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तेव्हाही तसंच. पण ज्याला दसऱ्याला आलेले दोन हजार आठवतात, त्याची पोटरी वळलेली आहे, एवढंच. बिघाड शोधायचा तर आधी बिघाड नसलेला माणूस माहीत असावा लागतो, आणि आप्पांचा पंधरा किलोमीटरनंतरचा नमुना वहिनींकडे चौदा आठवड्यांचा होता. माझ्याकडेही होता. मायकडे नव्हता, साडूंकडे नव्हता, मेहुणीकडे नव्हता.

सहा मिनिटं गेली होती. आप्पा उठले, दहा पावलं लंगडले, मग चालले. वहिनी शंभर मीटर बरोबर चालल्या आणि थांबल्या. पुतण्याला त्यांनी मोटारसायकलवरून उतरवून बाजूच्या फुटपाथनं पायीच जायला सांगितलं, तेही बोलायचं नाही या अटीवर.

उरलेले साडेचार किलोमीटर चालत-पळत पाऊण तासात. शेवटच्या दोनशे मीटरवर पुतण्याला राहवेना, काकांचा हात धरून पळावं असं त्याला वाटलं. त्याला मी आदल्या दिवशी गाडीतच ती दुसरी गोष्ट सांगितली होती, त्याच १९०८ च्या शर्यतीतली. इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यात पुढे स्टेडियममध्ये शिरला, पडला, उठला, पुन्हा पडला, आणि अधिकाऱ्यांनी त्याला धरून रेषेपार नेलं. नंतर त्याच मदतीमुळे त्याला बाद केलं आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेलं. जळगावात आप्पांना कोणी बाद केलं नसतं, कोणी बघतही नव्हतं. पण पोरानं हात मागे घेतला आणि बाजूनं टाळ्या वाजवत गेला.

तीन तास चार मिनिटं. आयोजकांची मर्यादा साडेतीन तासांची.

नंतर

घरी परतताना गाडीत माझी आणि मायची थोडी बाचाबाची झाली. मी म्हटलं, तुम्ही बसवायला नको होतं. ती म्हणाली, बसला कशाला मग तो? मी निरुत्तर.

पंधरा दिवसांनी त्यांच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो. मी वहीचं कोरं पान उघडलं आणि ‘नातेवाईक’ असं वर लिहिलं. साडूंना ते अपमानास्पद वाटलं, ‘आम्ही काय बियाणं आहोत का, पिशवीवर सूचना छापायला?’ पण चहाच्या दुसऱ्या फेरीनंतर तेच जास्त बोलायला लागले. त्यांची तक्रार रास्त होती. आप्पा दिसले की काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि हातात पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. मग त्यांना काम दिलं. गाडी एकाच जागी लावायची, बारा ते अठराच्या मधे, आणि कोरडा रुमाल घेऊन उभं राहायचं. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये घरचं कोणी दिसायचं नाही, कारण तिथं आप्पांना उत्साहाची नव्हे, लगामाची गरज असते. मोटारसायकल रद्द. पुडी रद्द. जे पाणी-क्षार घ्यायचे ते रविवारच्या पळण्यात आधी पोटाला दाखवलेलेच. भरीत स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, हवं तेवढं. हे मावशीला सांगायचं काम मायनं स्वतःहून अंगावर घेतलं.

सगळ्यात उपयोगी पडली ती मात्र वहिनींची युक्ती. पुढच्या सप्टेंबरपासून दर रविवारी घरातला एक जण आळीपाळीनं स्कूटीवर मागे बसेल. मेहुणी आली, साडू आले, पहाटे पाचला मफलर गुंडाळून. एकदा तर मायही आली, दोन किलोमीटर, बाजूला पाय सोडून बसलेली, आणि आप्पांना सतरा किलोमीटरनंतर पुटपुटताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यावर तिनं वहिनींना विचारलं म्हणे, हे देवाचं नाव घेतंय का?

मागच्या डिसेंबरात आप्पा पुन्हा जळगावात एकवीस पळले. दोन तास सत्तेचाळीस. सतराव्या किलोमीटरला, मेहरूणच्या त्याच घरासमोर, मायची खुर्ची होती. या वेळी ती आधीपासूनच खुर्चीच्या मागे, पाठीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. आप्पा दिसताच तिनं लांबूनच ओरडून विचारलं,

‘उधारी कितली शे रे भाऊ?’

आप्पांनी न थांबता, हात वर करून आकडा सांगितला. साडेचार लाख.

माय खाली बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘इतली उधारी शे, आनि हाऊ पयत फिरी राह्यना!’